एका तारेवर पीएलसी, मीटर आणि ड्राइव्ह: आरएस-४८५ आणि मॉडबसची पहिली जोडणी

भोसरी, चाकण किंवा पिरंगुटच्या एखाद्या मध्यम कारखान्यात पॅनेलचे दार उघडले, की पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, खालून एक बारीक केबल निघालेली दिसते. ती वीजमीटरांकडे जाते, तिथून भट्टीच्या टेम्परेचर कंट्रोलरकडे आणि पुढे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हकडे. आत दोन तारा, फार तर तीन. त्यांच्यावर जी भाषा चालते ती बहुतेक ठिकाणी मॉडबस आरटीयू असते. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसीसाठी ती बनवली. तिच्या खालची विजेची बाजू, म्हणजे आरएस-४८५, १९८३ ची आहे. दोन्ही चाळिशी ओलांडून गेल्या, तरी नव्या मीटरच्या मागे तीच दोन टर्मिनले असतात.

हा लेख नुकतेच मेंटेनन्सला किंवा पॅनेल बनवणाऱ्याकडे लागलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून एक छोटी लाइन धरू: एक पीएलसी, चार वीजमीटर, दोन टेम्परेचर कंट्रोलर, दोन ड्राइव्ह आणि एकूण १४० मीटर केबल.

आधी एवढे डोक्यात पक्के करा

तार एकच आहे, म्हणून एका वेळी बोलणारा एकच. पुढे येणारे सगळे नियम यातूनच निघतात.

वर्गात मास्तर हजेरी घेतात तसे समजा. मास्तर नंबर पुकारतात, त्या नंबरचा मुलगा 'हजर' म्हणतो, बाकीचे गप्प बसतात. कोणी आपणहून बोलत नाही. इथे मास्तर म्हणजे मास्टर, बहुधा पीएलसी. मुले म्हणजे स्लेव्ह, आणि त्यांचे नंबर १ ते २४७. एकाच नंबरची दोन मुले असली तर दोघे एकदम ओरडतात आणि काहीच कळत नाही. वर्गात दोन मास्तर शिरले तर त्याहून वाईट. ० हा पत्ता सगळ्यांसाठी असतो. त्यावर मास्टर हुकूम सोडतो, पण उत्तर कोणी देत नाही.

एक वाक्य कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे मधल्या शांततेवरून ठरते. साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता पडली, की निरोप संपला. त्यामुळे निरोप चालू असताना मध्येच खंड पडला, तर ऐकणारा तो अर्धवट समजून टाकून देतो. हे लक्षात ठेवा. दोष शोधताना उपयोगी पडेल.

सामान

लॅपटॉपसाठी यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लागेल. पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, काही शेकड्यांत मिळतो तो टेबलावरच्या कामाला चालतो. चालू पॅनेलमध्ये मात्र आयसोलेटेड, म्हणजे दोन बाजूंमध्ये विजेची सरळ जोडणी नसलेला, कन्व्हर्टरच वापरा. ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये अर्थचा फरक यूएसबीतून लॅपटॉपमध्ये शिरला, तर वाचवलेले पैसे लॅपटॉपच्या दुरुस्तीत जातात.

केबल हवी पीळ दिलेल्या जोडीची, शील्ड (तारांभोवती धातूचे आवरण) असलेली, १२० ओहम इम्पिडन्सची. दुकानात 'आरएस-४८५ केबल' असे सांगून मागा आणि वेष्टनावर १२० ओहम छापलेले आहे का ते बघा. एक जोडी आणि एक सुटी तार अशी मिळाली तर उत्तम. ती सुटी तार कॉमनसाठी, म्हणजे सगळ्या उपकरणांचे ग्राउंड एकमेकांना जोडण्यासाठी. घरच्या वायरिंगची सपाट तार किंवा तीन कोअरची साधी फ्लेक्सिबल वापरू नका. ती टेबलावर चालते, शेडमध्येही काही दिवस चालते आणि मोठी मोटर लोडवर आली की दगा देते. नेटवर्कची कॅट-५ केबल १०० ओहमची असते. छोट्या लाइनवर ती चालून जाते, पण तिच्या एकसंध तांब्याच्या तारा टर्मिनलच्या स्क्रूखाली वारंवार उघडबंद केल्या की तुटतात.

शिवाय १२० ओहमचे, पाव वॉटचे दोन रेझिस्टर, फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) आणि ते दाबायची क्रिंपिंग पक्कड, दोन तारा एकत्र घेणारे जोड-फेरूल, मल्टीमीटर आणि स्टिकर. स्टिकर विसरू नका.

पहिली पायरी: टेबलावर, एकेक उपकरण

नवखे लोक आठही उपकरणे पॅनेलमध्ये बसवतात, केबल ओढतात, पीएलसीचा प्रोग्रॅम भरतात आणि मग चालू करतात. काही चालत नाही, आणि दोष केबलचा, पत्त्याचा की प्रोग्रॅमचा हे सांगायला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक उपकरण आधी टेबलावर, एकटे, लॅपटॉपला जोडून बोलते करा. आठ उपकरणांना अर्धा दिवस जातो.

लॅपटॉपवर क्यूमॉडमास्टर किंवा मॉडबस पोल यांपैकी एक प्रोग्रॅम घ्या. उपकरणाच्या मेनूत जाऊन चार गोष्टी बघा: पत्ता, बॉड रेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग), पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). सगळ्या लाइनवर शेवटच्या तिन्ही सारख्याच हव्यात. मॉडबसच्या प्रमाणानुसार (ठरवून दिलेल्या नियमांनुसार) मूळ सेटिंग १९२०० आणि इव्हन पॅरिटी आहे, आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट. प्रत्यक्षात बाजारातली बरीच उपकरणे ९६००, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी येतात. तुम्ही काहीही निवडा, पण एकच निवडा आणि लिहून ठेवा. पहिल्या कामाला ९६०० घ्या.

इथे एक खड्डा आहे. काही उपकरणे डब्यातून निघताना आरटीयूऐवजी मॉडबस ॲस्की या जुन्या प्रकारावर, सात डेटा बिटांवर असतात. डेल्टाचे डीव्हीपी पीएलसी आणि त्यांचे काही जुने ड्राइव्ह असे येतात. पत्ता बरोबर, बॉड रेट बरोबर, तारा बरोबर आणि तरीही उत्तर नाही, असे झाले तर पुस्तिकेत हेच आधी बघा.

जवळपास प्रत्येक उपकरणाचा पत्ता डब्यातून १ असतो. पहिले बोलणे त्याच पत्त्यावर करा. समजा पत्ता १ कडून पहिली दोन रजिस्टरे, म्हणजे उपकरणातले आकडे ठेवायचे कप्पे, मागायची आहेत. तारेवर जाणारे बाइट, हेक्स (सोळा अंकांच्या) पद्धतीत लिहिलेले, असे:

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी

०१ हा पत्ता. ०३ म्हणजे 'होल्डिंग रजिस्टर वाच'. ०० ०० म्हणजे सुरुवात शून्यापासून, ०० ०२ म्हणजे दोन रजिस्टरे. शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, निरोप वाटेत बिघडला का ते तपासण्यासाठी. बहुतेक प्रोग्रॅममध्ये हे कच्चे बाइट दाखवणारी खिडकी असते. ती सुरू ठेवायची सवय लावा. 'टाइमआउट', म्हणजे वेळेत उत्तर आले नाही, एवढ्या शब्दापेक्षा ती खिडकी कितीतरी जास्त सांगते.

उत्तर आले, की लगेच पत्ता बदला. पत्ते १, २, ३ असे सरळ न देता गटाने द्या: मीटर ११ ते १४, कंट्रोलर २१ आणि २२, ड्राइव्ह ३१ आणि ३२. पत्ता १ मुद्दाम रिकामा ठेवा. पुढे कधी कोणी नवा मीटर बसवला, तर तो १ वर येईल आणि कोणाशी भांडणार नाही. काही उपकरणे पत्ता बदलल्यावर वीज बंद-चालू केल्याशिवाय नवा पत्ता धरत नाहीत. बदलल्यावर एकदा बंद करून पुन्हा वाचून बघा. मग स्टिकर: पत्ता, बॉड रेट, पॅरिटी. दाराच्या आत नको, उपकरणावरच.

दुसरी पायरी: केबल ओढणे

लाइन म्हणजे खरोखर लाइन. पीएलसीतून पहिल्या मीटरला, त्याच टर्मिनलातून पुढच्या मीटरला, असे एकामागून एक. प्रत्येक उपकरणात केबल आत येते आणि त्याच टर्मिनलातून बाहेर जाते. मधल्या जंक्शन बॉक्समधून आठ फांद्या फोडायच्या नाहीत. केबल वाचते खरी, पण फांदीच्या टोकावरून सिग्नल उलटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. अगदीच फांदी घ्यावी लागली तर प्रमाण २० मीटरपर्यंत परवानगी देते. आमचा सल्ला एका हातात मावेल एवढीच ठेवण्याचा.

एका टर्मिनलात दोन तारा येणार, म्हणून जोड-फेरूल. नुसत्या तारा पिळून स्क्रूखाली दाबल्या, तर एक घट्ट बसते आणि दुसरी सैल. प्रेसशॉपच्या हादऱ्यात ती सैल तार महिनाभराने निसटते आणि तिच्या पुढची सगळी उपकरणे एकदम गायब होतात.

आता ए आणि बी. या दोन अक्षरांनी जेवढा वेळ खाल्ला असेल तेवढा कशानेही नसेल. आरएस-४८५ च्या प्रमाणात विश्रांतीत धन असणारी तार बी आहे. अनेक उत्पादक मात्र त्याच तारेला ए म्हणतात. त्यामुळे एका कंपनीचा ए दुसऱ्या कंपनीच्या बीला जोडावा लागू शकतो. उपकरणावर धन-ऋण चिन्ह असेल तर तेच माना. नसेल तर टेबलावर दोन्ही प्रकारे जोडून बघा. उलट जोडल्याने काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. मग आपल्या कारखान्यापुरता एकच नियम ठरवा, उदाहरणार्थ धन म्हणजे पांढरी आणि ऋण म्हणजे निळी, आणि अक्षरे विसरून जा.

तिसरी तार कॉमनची. 'दोन तारांतच चालते की' असे तुम्हाला दहा जण सांगतील, आणि बऱ्याचदा चालतेही. पण आरएस-४८५ चा रिसीव्हर आपल्या स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढेच सहन करतो. दोन पॅनेलांच्या अर्थमध्ये वेल्डिंग चालू असताना मोठा फरक पडला, की ही हद्द ओलांडली जाते. आधी निरोप बिघडतात, मग चिप जाते. कॉमनची तार हा फरक आटोक्यात ठेवते. जोडण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही पॅनेलांच्या अर्थमधला फरक मोजा. काही व्होल्ट दिसले, तर मध्ये आयसोलेटेड रिपीटर (सिग्नल नव्याने पुढे पाठवणारा डबा) घाला आणि अर्थिंगवालाही बोलवा.

शील्ड संपूर्ण लाइनभर अखंड न्या. प्रत्येक उपकरणापाशी आलेल्या आणि गेलेल्या केबलची शील्ड एकमेकींना जोडा, टेप गुंडाळा आणि अर्थ फक्त एका टोकाला, पीएलसीच्या पॅनेलमध्ये करा. दोन्ही टोकांना केला, तर अर्थमधला फरक शील्डमधून वाहू लागतो. प्रोफिबस ही दुसरी औद्योगिक भाषा वापरणारे दोन्ही टोकांना अर्थ करायला सांगतात, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे अर्थ जाड तारेने एकमेकांशी बांधलेले असावे लागतात. तसे नसेल, तर एक टोक बरे.

केबल ट्रेमध्ये ड्राइव्हपासून मोटरला जाणारी केबल हाच खरा शत्रू. ड्राइव्ह काही किलोहर्ट्झने वीज तोडत-जोडत असतो, आणि त्या केबलशेजारी वीस मीटर धावलेली तुमची केबल ते सगळे ऐकते. किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये उघड्यावरून जायचे असेल, तर तांब्याची तार टाळा. पुण्यात एप्रिल-मेमधला वळीव विजांसह येतो, आणि दोन इमारतींमध्ये ओढलेल्या आरएस-४८५ तारेवरची उपकरणे एका संध्याकाळी ओळीने जाऊ शकतात. फायबर कन्व्हर्टरची जोडी घाला. जमिनीखालच्या पाइपातून नेत असाल, तर पावसाळ्यात त्यात पाणी साचते हे धरूनच केबल निवडा, आणि पाइपाची तोंडे बंद करा. उंदरांना हा प्रकार आवडतो.

तिसरी पायरी: टोके

लाइनच्या दोन टोकांना, आणि फक्त दोन टोकांना, धन आणि ऋण यांच्यामध्ये १२० ओहमचा एकेक रेझिस्टर; हाच टर्मिनेटर. बऱ्याच उपकरणांत तो आतच असतो आणि छोट्या स्विचने चालू होतो. मधल्या उपकरणांचे हे स्विच बंद आहेत का, ते एकेक करून बघा.

हा रेझिस्टर टोकावरून परतणारा सिग्नल शोषून घेतो. पण प्रत्येक बिघाडाला 'टर्मिनेटर लावला नसेल' हे उत्तर देऊ नका. ९६०० वर एक बिट १०४ मायक्रोसेकंद चालतो. आपल्या १४० मीटरच्या तारेवर सिग्नल जाऊन परत यायला साधारण दीड मायक्रोसेकंद लागतो. बिटच्या मध्यावर वाचन होते तोवर हा गोंधळ केव्हाच शमलेला असतो. १,१५,२०० वर बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांचा होतो, आणि लांब तारेवर मग टर्मिनेटर खरोखर लागतो. तरीही लावायचाच, पुढे कोणीतरी वेग वाढवतो.

टर्मिनेटर लावल्यावर एक नवा प्रश्न येतो. कोणीच बोलत नसताना दोन तारांमधला व्होल्टेज शून्याकडे येतो. रिसीव्हरला स्पष्ट कळायला २०० मिलिव्होल्ट लागतात. त्याच्या आत तो काहीही समजू शकतो. म्हणून लाइनवर एकाच ठिकाणी, बहुधा मास्टरपाशी, धन तार रेझिस्टरमधून ५ व्होल्टला आणि ऋण तार तशाच रेझिस्टरमधून कॉमनला ओढून धरतात. याला बायस म्हणतात. दोन्ही रेझिस्टर ५६० ओहमचे घेतले, तर दोन टर्मिनेटर मिळून होणाऱ्या ६० ओहमवर ५ × ६० ÷ ११८०, म्हणजे साधारण २५० मिलिव्होल्ट पडतात. पुरेसे. १००० ओहमचे घेतले तर १४५ च्या आसपास, पुरत नाही. नव्या चिपांमध्ये ही काळजी आतच घेतलेली असते, म्हणून अनेकांना बायस कधी माहीतच होत नाही. जुन्या-नव्या उपकरणांची सरमिसळ असेल, तिथे लागतो.

चौथी पायरी: वीज न देता मोजणी

सगळी उपकरणे बंद. ड्राइव्ह बंद केल्यावर त्यावर लिहिलेली वेळ थांबा; आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मग लाइनच्या टोकाला धन-ऋणमध्ये ओहम मोजा.

६० च्या आसपास, बायस असेल तर थोडे कमी: ठीक. १२०: एक टर्मिनेटर नाही किंवा तार मध्ये तुटली आहे. दुसऱ्या टोकाला जाऊन मोजा. दोन्ही टोकांना टर्मिनेटर बसवलेले असूनही दोन्हीकडून १२० च आले, तर तार मध्येच तुटली. ४०: कोणीतरी तिसरा टर्मिनेटर चालू ठेवला आहे, बहुधा एखाद्या ड्राइव्हचा स्विच. शून्याजवळ: कुठेतरी शॉर्ट, फेरूलच्या बाहेर आलेली एखादी तारेची काडी बघा.

मग फक्त मास्टरला वीज द्या, पोलिंग (मास्टरने पाळीपाळीने विचारणे) बंद ठेवा आणि डीसी व्होल्ट बघा. धन तार ऋण तारेपेक्षा वर हवी. उणे दिसले, तर मास्टरकडेच उलट जोडले आहे.

उपकरणे एकेक करून चालू करा आणि प्रत्येक वेळी लॅपटॉपवरून वाचा. लॅपटॉप मास्टर असताना पीएलसीची केबल काढलेली हवी. दोन मास्तरांची गोष्ट आठवा. आणि काम झाल्यावर लॅपटॉपचा कन्व्हर्टर लाइनवरून काढा. तो तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी कोणी प्रोग्रॅम उघडला, की पीएलसीवर कारण नसताना चुका मोजल्या जाऊ लागतात. हीच भानगड एचएमआयबाबत, म्हणजे ऑपरेटरच्या पडद्याबाबत, होते: पीएलसी आणि एचएमआय दोघांनाही त्याच तारेवर मास्टर म्हणून सोडून देतात. एचएमआयला पीएलसीच्या वेगळ्या पोर्टवर न्या.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. वीज घालवून करायची कामे त्या दिवशी उरका. पण लाइन 'चालते' असा शेरा मात्र शुक्रवारी सगळी यंत्रे लोडवर आल्यावरच मारा.

पाचवी पायरी: रजिस्टर

उत्तर येते, पण आकडा चुकीचा. इथपर्यंत आलात म्हणजे तारांचे काम झाले; आता पुस्तिकेशी झगडा.

पुस्तिकेत रजिस्टर ४०००१ असे लिहिलेले असते. तारेवर जाणारा आकडा ० असतो. सुरुवातीचा ४ हा फक्त प्रकार सांगतो, होल्डिंग रजिस्टर, आणि मोजणी एकपासून केलेली असते. ३०००१ म्हणजे इनपुट रजिस्टर, त्याला ०३ ऐवजी ०४ लागतो. काही पुस्तिका थेट शून्यापासून मोजतात, काही सांगतच नाहीत. म्हणून आधी असे रजिस्टर वाचा ज्याचे उत्तर तुम्हाला डोळ्यांनी दिसते: मीटरच्या पडद्यावरचा व्होल्टेज. एक घर पुढे-मागे करून बघा.

वीजमीटर बहुधा व्होल्टेज दोन रजिस्टरांत, दशांशासह देतो. २३०.० व्होल्ट असतील, तर दोन रजिस्टरांत १७२५४ आणि ० दिसतील. हे दोन्ही उलट क्रमाने जोडले, तर पडद्यावर जवळजवळ शून्य येते. पीएलसीत शब्दांचा क्रम बदलण्याची सोय असते, ती वापरा. टेम्परेचर कंट्रोलर बहुधा पूर्णांक देतो: २३५ म्हणजे २३.५ अंश. शीतगृहाच्या कामात अचानक ६५४८६ आले तर घाबरू नका. ते उणे ५० आहे, म्हणजे उणे ५.० अंश, पीएलसीत रजिस्टर चिन्हासह वाचायला सांगायचे राहिले.

उपकरण कधी कधी नकार देते. तेव्हा उत्तरातला फंक्शनचा आकडा ०३ ऐवजी ८३ होतो आणि पुढे कारण येते. ०१: हे काम मला येत नाही. ०२: असे रजिस्टर नाही. ०३: मागणीतला आकडा चालणार नाही, बहुधा एका वेळी जास्त रजिस्टरे मागितली, प्रमाणानुसार हद्द १२५, काही स्वस्त मीटरांची त्याहून बरीच कमी. नकार आला तर खूश व्हा. म्हणजे तार, वेग, पॅरिटी, पत्ता सगळे बरोबर आहे.

सहावी पायरी: पोलिंगचा हिशोब

पडद्यावरचे आकडे उशिरा बदलतात, ही तक्रार हमखास येते. हिशोब कागदावर करून ठेवा.

९६०० वर, पॅरिटीशिवाय, एका अक्षराला साधारण १.०४ मिलिसेकंद. प्रश्न ८ बाइटांचा, म्हणजे ८ मिलिसेकंद. २० रजिस्टरांचे उत्तर ४५ बाइट, म्हणजे ४७. उपकरणाला विचार करायला ३० धरा, आणि मधली शांतता ४. एकूण ९० च्या घरात. आठ उपकरणांचा फेरा पाऊण सेकंदात.

तीच २० रजिस्टरे एकेक करून मागितली, तर प्रत्येकी ५० मिलिसेकंद आणि एका उपकरणालाच एक सेकंद. म्हणून शेजारची रजिस्टरे एकत्र मागा, मधली दोन-चार नको असलेली आली तरी चालतील.

आता एक मीटर बंद पडला. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न असे ठेवले असेल, तर प्रत्येक फेऱ्यात त्या मेलेल्या मीटरसाठी तीन सेकंद जातात. पाऊण सेकंदाचा फेरा साडेतीन सेकंदांच्या पुढे गेला, आणि तक्रार येते ती धडधाकट ड्राइव्हची. टाइमआउट २०० ते ३०० मिलिसेकंद ठेवा, आणि सलग तीनदा गप्प राहिलेल्या उपकरणाला दर फेऱ्याऐवजी अर्ध्या मिनिटाने विचारा.

पीएलसीच्या प्रोग्रॅममधली हमखास चूक म्हणजे सगळे वाचण्याचे ब्लॉक एकदम चालू करणे. तार एक, बोलणारा एक. पहिल्या ब्लॉकने 'झाले' किंवा 'चुकले' सांगितल्यावरच पुढचा सुरू करा. 'चुकले' विसरलात, तर एक मीटर बंद पडताच सगळा फेरा तिथेच अडकून बसतो.

ड्राइव्हला लिहिताना

वाचताना चूक झाली तर आकडा चुकतो; लिहिताना चूक झाली तर मोटर फिरते. तारेवरून ड्राइव्हला वेग आणि चालू-बंद देणार असाल, तर आधी ड्राइव्हमधला संपर्क तुटल्याचा पॅरामीटर शोधा. तो सेट नसेल, तर केबल तुटल्यावर बरेच ड्राइव्ह शेवटच्या वेगाने फिरत राहतात. एक-दोन सेकंदांत थांबेल असे ठेवा आणि केबल काढून खरोखर थांबतो का ते बघा. आपत्कालीन थांबा या तारेवर कधीच ठेवायचा नाही. त्याच्या स्वतंत्र तारा, स्वतंत्र कॉन्टॅक्टर.

दुसरे, ड्राइव्हचे काही पॅरामीटर लिहिताच ते वीज गेली तरी टिकणाऱ्या ईईपीरॉम मेमरीमध्ये साठवले जातात, आणि अशा मेमरीची मर्यादा साधारण एक लाख ते दहा लाख लेखनांची. दर १०० मिलिसेकंदांनी तोच ॲक्सिलरेशनचा वेळ लिहीत राहिलात, तर एक लाख पूर्ण व्हायला तीन तासही लागत नाहीत. आकडा बदलला तरच लिहा. वेगाच्या हुकमासाठी बहुधा वेगळे, न साठवणारे रजिस्टर असते. पुस्तिकेत तेच शोधा.

नंतर बिघडले तर

सगळीच गप्प: मास्टर, शॉर्ट किंवा उलट जोडणी. एका ठिकाणापासून पुढची सगळी गप्प: त्या ठिकाणचे फेरूल. एकच गप्प: त्याची वीज, पत्ता, पॅरिटी, या क्रमाने. उत्तरे येतात पण सीआरसीच्या चुका, आणि त्याही विशिष्ट यंत्र चालू झाल्यावर: केबलचा मार्ग, शील्ड, अर्थ. यूएसबी कन्व्हर्टरवरच मध्ये खंड पडल्यासारखे दिसत असेल, तर एफटीडीआयच्या चिपवर लेटन्सी टायमर (आलेले बाइट लॅपटॉपला देण्याआधी थांबायची वेळ) १६ मिलिसेकंदांवर असतो. तो १ वर आणून बघा.

कुठे आहे ते कळत नसेल, तर अर्धी लाइन तोडा. मधल्या उपकरणापाशी पुढची केबल काढा आणि तिथे तात्पुरता १२० ओहम लावा. अलीकडची चारही बोलली, तर दोष पलीकडे. पुन्हा अर्धे करा. आठ उपकरणांत तीन फेऱ्यांत सापडते.

उपकरणे वाढत गेली, तर ३२ युनिट लोड (जुन्या चिपचा तारेवरचा भार म्हणजे एक) ही मूळ हद्द आहे. नव्या चिपांचा भार आठव्या हिश्श्याएवढाच असतो, म्हणून जास्तही बसतात, पण फेऱ्याची वेळ आधी संपते. १२०० मीटरच्या पुढे किंवा भार वाढल्यावर रिपीटर घाला, नाहीतर लाइन दोन पोर्टवर वाटा. चाळीस-पन्नास उपकरणांच्या पुढे गेलात, तर प्रत्येक शेडमध्ये एक गेटवे (दोन प्रकारच्या लाइन जोडणारा डबा) बसवून मधला प्रवास इथरनेटवर, मॉडबस टीसीपीने, न्या. रजिस्टरे तीच राहतात, आत्तापर्यंतचे काम वाया जात नाही.

शेवटी दाराच्या आत एक कागद लावा: लाइनचा क्रम, प्रत्येकाचा पत्ता, वेग, पॅरिटी, दोन टर्मिनेटर कुठे, बायस कुठे, शील्ड कुठे अर्थ केली, आणि मोजलेले ओहम. रात्रपाळीत मीटर जळतो, स्टोअरमधून नवा येतो, वायरमन तो बसवतो. त्या मीटरचा पत्ता १३ करायचा आहे, हे त्याला तो कागदच सांगणार.